लाल चेंडू आणि नाकाचं तेल

जगातली सगळी घाण फिरत फिरत शेवटी एका लाल चेंडूच्या खाली येऊन बसते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू काही निवडता येत नाही. मुलगी बघायला गेल्यावर तिची थोरली बहीण दिसते, तिने केलेले पोहे आपण खातो, छान झालेत म्हणतो, पण तिच्या नवऱ्याकडे कुणी निरखून पाहत नाही. मीही पाहिलं नव्हतं. पुढे दोघांच्या नोकऱ्या ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये आल्या, घरं दहा मिनिटांच्या ड्राइव्हवर आली, आणि हा गृहस्थ माझ्या रविवारांचा मालक होऊन बसला.

साडू मूळचे नागपूरचे. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. तिथे म्हणे हवेतल्या धुळीच्या एका कणाने चिपची अख्खी सिलिकॉनची चकती वाया जाते, म्हणून आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवायचा, फक्त डोळे उघडे. पावडर चालत नाही, अत्तर चालत नाही, पेन्सिलसुद्धा चालत नाही, कारण तिचा भुगा पडतो. अशा ठिकाणी उमेदीची वर्षं काढलेला माणूस घरी येऊन तुमच्याआमच्यासारखा वागेल ही अपेक्षाच चुकीची. त्यात घर कुठे, तर वाळवंटात. अंगणात गवताऐवजी खडी, आणि खिडकी जरा उघडी राहिली की टेबलावर पिवळसर थर. इतर लोक आठवण होईल तेव्हा एसीचा फिल्टर बदलतात, साडू संकष्टीच्या संकष्टीला बदलतात. त्यांच्या कामाच्या खोलीच्या उंबऱ्यात कारखान्यात असते तशी चिकट चटई आहे. पाऊल ठेवलं की ती तळव्याची धूळ ओढून घेते. वास्तुशांतीला आमचे गुरुजी, जे एरवी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, घरभर पाणी शिंपडत त्या खोलीत शिरले. गुरुजी पुढे गेले आणि पायमोजा मागे राहिला. पुन्हा मागे वळले तेव्हा दुसराही गेला. "आमचं सोवळं परवडलं हो," गुरुजी म्हणाले, "निदान त्यातून पाय तरी सुटतो."

या खोलीच्या गाभाऱ्यात साडूंचा ट्रॅकबॉल असतो. ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हा माऊसचा विक्षिप्त चुलतभाऊ. माऊस टेबलभर फिरतो, हा जागचा हलत नाही. याच्या पाठीत लिंबाएवढा गुळगुळीत चेंडू बसवलेला असतो. तो बोटांनी फिरवला की स्क्रीनवरचा बाण पळतो. साडूंचा चेंडू डाळिंबी लाल आहे. तो खाली तीन बारीक मण्यांवर टेकलेला असतो, बाजरीच्या दाण्याएवढ्या, आणि बोटांचा मळ, कपड्यांचे तंतू, वाळवंटाची धूळ, सगळं त्या तीन मण्यांभोवती जमून त्याची करडी गोळी होते. मग चेंडू अडखळतो, बाण अडखळतो, आणि साडूंचा जीव अडकतो.

साफसफाईचा मुहूर्त रविवारी, पोह्यांनंतर. प्रेक्षक मी. आधी वायर काढायची, मग पेन्सिलीचं रबराचं टोक खालच्या भोकातून वर दाबायचं, की चेंडू टुपकन बाहेर येतो. तो चष्म्याच्या फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवायचा. मण्यांवरचा मळ लाकडी टूथपिकने, खरवडायचा नाही, "समजावून काढायचा". मग कानात घालायची कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून एक फेरी, मग कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने हवा. हे चालू असताना मी श्वास जपून घेतो. एकदा मला शिंक आली तेव्हा साडूंनी चेंडू छातीशी धरून माझ्याकडे अशी पाठ केली, की आपण एखाद्या बारशात वाईट बोलून बसलो असं मला वाटलं.

एवढं सगळं करून झाल्यावर हा पांढऱ्या झग्यातला माणूस जे करतो ते पाहून पहिल्यांदा मी हादरलो होतो. लख्ख पुसलेला चेंडू तो चिमटीत धरून आपल्या नाकाला घासतो. नाकपुडीच्या बाजूला, गाल सुरू होतो त्या खाचेत, हळुवार, गोल गोल. कारण पुसलेला चेंडू कोरडा असतो, मण्यांवर कचकचतो. त्याला किंचित, अगदी नावाला, तेल लागतं. साडूंनी खोबरेल लावून पाहिलं, तर दोन दिवसांत चिकट राप धरला. शिवणयंत्राचं तेल लावलं, तर बाण बर्फावर घसरल्यासारखा जाऊ लागला. शेवटी नाक ठरलं. "हे कोणत्याच कंपनीत बनत नाही, बापा," ते मला म्हणाले. "हे आतून यावं लागते." तेव्हापासून रविवारी सकाळी ते तोंडाला साबण लावत नाहीत. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणते, "देवळात जायचं तरी साबण नाही. देवाला चालतं म्हणे. चेंडूला चालत नाही."

घरून काम करण्याच्या दिवसांत ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकदा त्यांचा कॅमेरा चालू राहिला. त्यांची सगळी टीम या गंभीर गृहस्थाला डोळे मिटून लाल चेंडू नाकाला घासताना पाहत होती. अमेरिकन मॅनेजरने अदबीने विचारलं, की ही काही प्रार्थना आहे का, आम्ही थांबू का? साडू म्हणाले, "नो नो. मेंटेनन्स."

माझ्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा सोफ्यावर बसण्याआधी त्यांनी माझा माऊस उलटा केला होता. "माणसाचा चेहरा काय पाहायचा," ते म्हणाले, "माऊसचं पोट पाहावं." माझ्या माऊसच्या पोटाला एक तुकडा चिकटला होता. त्यांनी तो नखाने उचलून उजेडात धरला. "मक्याचा चिवडा," त्यांनी निदान केलं. "घरचा आहे. हळद जास्त पडली." मी त्या दिवशी जो ओशाळलो तो अजून सावरलेलो नाही. आजही ते यायचे असले की मी आधी माऊस पुसतो, मग बाथरूम. बायको म्हणते, उलटं कर. माझ्याने होत नाही.

इथवर सगळं हसण्यावारी होतं, आणि मी हसलोही भरपूर. मित्रांना सांगून हसलो, त्यांच्या तोंडावर हसलो. गेल्या वसंतात मात्र साडू आठवड्यातून दोनदा चेंडू काढू लागले. मग एक दिवसाआड. "बाण हलून राहिला," ते म्हणत. "एका जागी थांबतच नाही. मळ आहे कुठे तरी." मणी तर चकाकत होते. त्यांनी भिंग आणलं, भिंगाखाली मणी पाहिले. फडकं बदललं, अल्कोहोल बदललं. त्यांची लेक हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती जाता जाता म्हणाली, "बाबा, जस्ट गेट अ न्यू माऊस. इट्स नॉट दॅट डीप." म्हणजे, एवढं काय आहे त्यात. साडूंनी नवा आणला, अगदी तसाच लाल. चार दिवसांनी त्यालाही मळ बसला म्हणाले. मग एका रविवारी पोहे चिवडत त्यांनी सांगितलं, की ऑफिसमधला ट्रॅकबॉलही बिघडला. "तिथेपण धूळ घुसून राहिली, काय सांगू."

मी चमचा खाली ठेवला. त्यांचं ऑफिस म्हणजे त्या कारखान्याला लागून असलेली इमारत. अख्ख्या ॲरिझोनात धूळ जिथे शोधून सापडणार नाही अशी ती जागा.

ते हात धुवायला गेले तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत बसलो. त्यांचं हात धुणं हे सर्जनसारखं असतं, कोपरापर्यंत, त्यामुळे वेळ होता. मी चेंडूवर बोटं ठेवली आणि बाण फिरवला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. थांबवला, थांबला. एका अक्षराच्या टिंबावर नेऊन ठेवला, तिथे निमूट बसून राहिला. तेवढ्यात बाहेर नळ बंद झाला. साडू टॉवेलने हात पुसत दारात आले, आणि मी पहिल्यांदा चेंडू सोडून त्यांच्या हाताकडे पाहिलं. उजवा हात टॉवेलच्या बाहेर आल्यावर क्षणभर स्वतःशीच काही तरी मोजत असल्यासारखा हलत होता. अंगठा आणि पहिलं बोट. त्यांनी तो खिशात घातला.

"पाहिला न? हलते न बाण?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "जरा हलतोय."

का म्हणालो कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती. साडूंचं काम काय, तर स्क्रीनवर चकतीचे मोठे केलेले फोटो पाहायचे आणि डागावर नेमका बाण टेकवून खूण करायची. हात स्थिर नसेल तर ते काम राहत नाही. ग्रीन कार्ड रांगेत आहे, नोकरी गेली तर या देशातलं सगळं बस्तान पायाखालून सरकतं, आणि लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष तोंडावर आलेलं. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम येऊन उभं राहिलं, आणि त्या गर्दीत खरं बोलायला जागाच उरली नाही.

पुढच्या रविवारी मी त्याहून वाईट केलं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्यात एखादी चूक सापडत नसली, किंवा सापडली तरी हात घालायची हिंमत नसली, की ती दिसणार नाही अशी तात्पुरती मलमपट्टी करायची आणि तक्रार मिटली म्हणून तिचं तिकीट बंद करायचं, ही रीत आहे. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बाणाचा वेग ठरवणारी एक पट्टी असते, तिच्यावर सरकवायचा एक ठिपका. ठिपका डावीकडे नेला की बाण मंद होतो, आणि मंद बाणात हाताची थरथर कमी दिसते. साडू हात धुवायला गेले, मी ठिपका किंचित डावीकडे सरकवला. ते येऊन बसले, चेंडू फिरवला, बाण शहाण्यासारखा थांबला. "पाहिलं?" ते ओरडले. "मी म्हटलं होतं न, मळच होता!" त्यांनी ताईला हाक मारून बोलावलं, दाखवलं, मला आग्रहाने दुसऱ्यांदा पोहे वाढले. ते मी खाली मान घालून खाल्ले.

मग हे दर रविवारचं झालं. ते नाकाला चेंडू घासायचे, हात धुवायला जायचे, मी ठिपका जरासा सरकवायचो, बाण बरा व्हायचा, त्यांचा साफसफाईवरचा विश्वास वाढायचा. आणि माझी झोप उडायची. आजार काय असेल या विचाराने इंटरनेटवर वाचू नये ते वाचून बसलो. बायकोला सांगावं तर ती ताईला सांगणार, ताईला सांगावं तर ती कोसळणार, साडूंना सांगावं तर माझी जीभ टाळूला चिकटणार. कोण जाणे, डॉक्टरकडे लवकर गेलं तर औषधाने आवरता येत असेल, आणि मी इथे एकेक रविवार पट्टीवर खर्च करतोय. गाडी चालवताना सिग्नलला मी मनातल्या मनात वाक्य जुळवायचो. "साडूभाऊ, रागावू नका, पण." पणच्या पुढे सिग्नल हिरवा व्हायचा.

जुलैच्या शेवटी आमच्याकडे येतं तसं धुळीचं वादळ आलं. दक्षिणेकडून मातकट भिंत उठली आणि तिने सगळं चँडलर पोटात घेतलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मला वाटलं, आज साडू घर डोक्यावर घेणार, फडक्यांचा ढीग असणार. गेलो तर अंगणातल्या खडीवर धूळ, दाराच्या चटईवर धूळ, आणि साडू खोलीत नुसते बसलेले. चेंडू जागेवर होता. त्यांनी काढलाच नव्हता. टेबलावर बोट फिरवलं असतं तर नाव लिहिता आलं असतं.

"आज साफसफाई नाही?" मी विचारलं.

"नाही." मग खुर्ची माझ्याकडे वळवून, "हात धुवायला पण जात नाही आज. काय करतो ते समोरच कर."

मी चिकट चटईवरून पाय सोडवू लागलो.

"कर न, बापा. सरकव. अजून किती जागा उरली ते दोघं मिळून पाहू."

त्यांनी स्वतःच सेटिंग उघडली. पट्टीवरचा ठिपका अगदी डाव्या टोकाला जाऊन टेकला होता. गेल्या रविवारी मीच टेकवला होता, आणि पुढच्या रविवारी काय करायचं या काळजीने आठवडा काढला होता.

"संपली जागा," साडू म्हणाले.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. डाग कशाने पडला ते शोधायचाच पगार मिळते मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू काहून बोलला नाहीस?"

मी खाली बसलो. ते चेंडूवर हात ठेवून बसले होते, आणि पहिल्यांदाच त्यांनी हात लपवला नाही. पुसट तांबड्या उजेडात चेंडू किंचित हलत होता. "रविवारी तू यायचा," ते म्हणाले, "बाण थांबायचा. मला माहीत असून बरं वाटायचं. सोमवारी ऑफिसात पुन्हा तेच. मी म्हणायचो, रविवार तर आहे."

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. माझा कप काठोकाठ, त्यांचा मोठा मग अर्धा. साडूंनी मगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि ही बाई पाहा. उन्हाळा लागल्यापासून मला अर्धाच चहा देते. विचारलं तर म्हणते, साखर कमी करायची आहे."

ताईने ट्रे टेबलावर ठेवला. धुळीत ठेवला, आणि साडू काही बोलले नाहीत. "भरून दिला तर सांडता," ती म्हणाली, "आणि सांडला की कुणी पाहिलं का ते बघता. ते मला बघवत नाही." मग पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात खांद्याला नेत म्हणाली, "न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली आहे बुधवारची. दोनदा घेऊन दोनदा कॅन्सल केली मी. या वेळी नाही करणार."

एका चेंडूभोवती आम्ही तिघं मोठी माणसं इतके महिने अशी चोरपावलांनी फिरत होतो. मला रडू आलं ते मी शिंकेवर घालवलं. साडूंनी सवयीने चेंडूवर तळहात झाकला.

बुधवारी मी गाडी चालवली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर शंखासारखं आतून बाहेर जाणारं वळण काढायला लावलं. ते वळण आठवलं की मला आजही बरं वाटत नाही. आजाराला नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या. सुरुवात आहे, आजार सावकाश वाढतो, पुष्कळ वर्षं पुष्कळ कामं करता येतात, असं बाई म्हणाल्या. आणि कॉम्प्युटरचं विचारल्यावर म्हणाल्या, की थरथरणाऱ्या हाताला माऊसपेक्षा ट्रॅकबॉल चांगला. परत येताना घराचं वळण आलं तसे साडू म्हणाले, "ऐकलं न? डॉक्टर काय म्हणाली? ट्रॅकबॉल चांगला." आणि घरात शिरल्यावर चटईवर बूट काढता काढता लेकीला तेच इंग्रजीत सांगितलं. लेक त्यांच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "ओके बाबा. यू विन."

मॅनेजरला त्यांनी स्वतःच सांगितलं. नोकरीचं पुढे कसं होईल ते अजून कुणालाच माहीत नाही. सध्या त्यांना नेमक्या खुणांऐवजी नव्या पोरांना डाग ओळखायला शिकवायचं काम दिलं आहे, ते कायम राहील की नाही या धास्तीत आम्ही सगळेच आहोत. पट्टीवरचा ठिपका त्यांनी पुन्हा मध्यावर आणून ठेवला. बाण हलतो तो हलू देतात. डाव्या हाताने चेंडू फिरवायची सवय करतायत, आणि बाण भलतीकडे गेला की नागपुरी शिवी देतात, ती इथे लिहीत नाही.

रविवारची साफसफाई आता मी करतो, कारण टूथपिक त्यांच्या हातात मण्यांना ओरखडे पाडतो. ते शेजारी खुर्ची घेऊन बसतात. "हळू. समजाव त्याला. भांडू नको." शेवटी चेंडू माझ्या चिमटीत येतो, आणि नाकही आता माझंच. त्यांच्या नाकाला, ते म्हणतात, गोळ्यांमुळे पूर्वीची चव राहिली नाही. मला हे पटत नाही, पण मी वाद घालत नाही. परवा मी चेंडू घासून जागेवर ठेवला, त्यांनी डाव्या हाताने फिरवून पाहिला, आणि कचकच ऐकून मान हलवली.

"कोरडं आहे. साबण लावला होता न सकाळी?"

"नाही हो."

"खोटं बोलून राहिला."

"लावला होता," मी कबूल केलं. सवय लवकर जात नाही.

"मग थांब," साडू म्हणाले. "घाई काय आहे. तेल येईतो बसू." त्यांनी ताईला चहा टाकायला सांगितलं, त्यांचा अर्धा, माझा पूर्ण. मग आम्ही दोघे, तो उघडा लाल चेंडू मध्ये वाटीत ठेवून, माझ्या नाकावर तेल यायची वाट पाहत बसलो. बाहेर वारा सुटला होता, खडीवर धूळ फिरत होती. ते मधूनमधून माझ्या नाकाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "अजून नाही." मलाही ते लवकर यायला नको होतं.